एकविसावा रकाना

१९ जुलै २०२४ रोजी आपल्या देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. परदेशांत काही रुग्णालयांना शस्त्रक्रिया लांबणीवर टाकाव्या लागल्या. ‘क्राउडस्ट्राइक’ या संगणक-सुरक्षा कंपनीने धाडलेल्या एका सदोष फाइलीमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. हल्ला कोणाचाच नव्हता. कुंपणानेच शेत खाल्ले होते.

दोष कोणत्याही कारकुनास समजेल असा होता. आज्ञावली २१ रकाने वाचू पाहत होती. तिला पुरविलेली मूल्ये २० होती. एकविसाव्यासाठी तिने हद्दीबाहेरील स्मृतीत हात घातला. साधी आज्ञावली कोसळली तर एकटी कोसळते. ही मात्र ड्रायव्हर म्हणून कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या गाभ्यात, चालणारी होती. तेथील चुकीने सारे यंत्रच थांबते.

याच कुळातील दुसरा दोष संख्येच्या मर्यादेचा. १६ बिटांच्या घरात ६५,५३५ पर्यंतच संख्या मावते. तीत एक मिळविला की शून्य उरते. अशा बेरजेवर विसंबून ड्रायव्हरने जागा राखली, तर मोठा मजकूर शेजारच्या स्मृतीवर लिहिला जातो. असे दोष यंत्र बिघडेपर्यंत अनेकदा दिसत नाहीत. ते ओळ न् ओळ वाचूनही शोधावे लागतात.

हे वाचन टाळले का जाते, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. तपासणीचा खर्च कंपनीच्या खात्यावर पडतो. चुकीचा भुर्दंड बव्हंशी प्रवासी आणि रुग्ण भरतात. अशा व्यवहारात तपासणी नेहमीच अपुरी राहणार.

कंपनीने फाइल तपासली नव्हती असे नाही. परंतु तपासणारी आज्ञावलीही मूल्ये २१ च असणार, असे गृहीत धरून चालली होती. उत्तरपत्रिका लिहिणाऱ्यानेच ती तपासावी, तसा हा प्रकार. दुर्घटनेनंतर कंपनीने त्रयस्थ परीक्षक नेमले. हे वरातीमागून घोडे झाले.

त्रयस्थ तपासणीने विलंब होईल, हा आक्षेप येथे टिकत नाही. ड्रायव्हरमधील हा दोष फेब्रुवारीपासूनच वापरात असलेल्या आवृत्तीत होता. शोधावयास जवळजवळ पाच महिने मिळाले होते. म्हणून बँका, विमानतळ व रुग्णालये यांनी खरेदीच्या करारातच त्रयस्थ तपासणीची आणि नुकसानभरपाईची अट घालावी. चुकीची किंमत विक्रेत्यास मोजावी लागेल, तेव्हाच तो एकविसावा रकाना आधी मोजील.