विचारलंत, तर उत्तरही द्या

मार्चमध्ये प्रॅक्टिकलच्या परीक्षा तोंडावर आल्या की वर्गांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लिंक येते. सोबत निरोप असतो, की फीडबॅक फॉर्म आज संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी भरायचाच आहे. जर्नलवर सह्या घ्यायला रांगेत उभी असलेली मुलं तिथल्या तिथे फॉर्म उघडतात, वरपासून खालपर्यंत ‘उत्तम’वर बोट टेकवत जातात आणि दीड मिनिटात मोकळी होतात. ही लिंक मी स्वतः कित्येक वर्षं पाठवली आहे. आमच्या महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात, म्हणजे आयक्यूएसीत, ते काम माझ्याकडे होतं. आलेल्या उत्तरांचे आलेख मीच काढले आणि त्यांच्याखाली ‘बहुसंख्य विद्यार्थी समाधानी आहेत’ हे वाक्यही मीच लिहिलं. पुढे जे लिहितो आहे ते बाहेर उभं राहून लिहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की विद्यार्थ्याला त्याच्या अभ्यासक्रमाबद्दल विचारलं की आपण त्याचं एक उत्तर लागतो. ते उत्तर त्याचा तो अभ्यासक्रम चालू असतानाच त्याच्या हाती पडलं पाहिजे. ‘उत्तरदायित्व’ हा शब्द आपण परिपत्रकांत सर्रास वापरतो. त्यातलं ‘उत्तर’ मात्र कुणी मागत नाही.

या म्हणण्यावर मी आजवर जे आक्षेप ऐकले, ते मांडणारी माणसं माझी सहकारी आहेत, प्रामाणिक आहेत. म्हणून त्यांचं म्हणणं नीट मांडूनच खोडायला हवं.

पहिला आक्षेप असा, की हे सगळं आधीच होतं आहे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक १९९४ पासून आहे, आणि २०१७ मध्ये आलेल्या मूल्यांकनाच्या आराखड्यात पहिल्याच निकषाखाली १.४ क्रमांकाचा स्वतंत्र मुद्दा फीडबॅकला दिलेला आहे. त्यात पायऱ्या आहेत. फीडबॅक घेतलाच नाही ही सगळ्यात खालची. मग नुसता गोळा केला. गोळा करून विश्लेषण केलं. त्यावर कार्यवाही केली. आणि सगळ्यात वरची, हे सगळं करून संकेतस्थळावर टाकलं. ज्याने विचार मांडला त्याला काय झालं ते सांगितलं, अशी पायरी या शिडीत कुठेच नाही. म्हणून आपण शिडी चढतो आणि विद्यार्थी खालीच राहतो. कार्यवाहीचे अहवाल काढून बघा. ‘सूचनेची नोंद घेण्यात आली.’ ‘सूचना संबंधित अभ्यासमंडळाकडे पाठवण्यात आली.’ अशी वाक्यं मी लिहिली आहेत, आणि ती लिहिताना ज्या मुलाने ती सूचना केली तो पदवी घेऊन गेलेला असायचा. वर्षाअखेरीला घेतलेला फीडबॅक, जरी त्यावर कृती झाली, तरी फार तर पुढच्या तुकडीच्या कामी येतो. ज्याने दुखणं सांगितलं त्याला औषध नाही, हे पहिल्या वर्षालाच मुलांच्या लक्षात येतं. दुसऱ्या वर्षापासून ती ‘उत्तम’वर बोट टेकवायला लागतात, त्यात त्यांचा काही दोष नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: विद्यार्थ्याला अभ्यासक्रमातलं काय कळतं? ज्याला विषय यायचाच आहे, तो विषय कसा असावा हे कसं सांगणार?

यातला निम्मा भाग मला मान्य आहे. थर्मोडायनॅमिक्समध्ये एन्ट्रॉपी हवी की नको, हे एफवायच्या मुलाला विचारून ठरवायचं नसतं. पण अभ्यासक्रमाबद्दलच्या कितीतरी गोष्टी अशा आहेत, की त्या फक्त त्यालाच ठाऊक असतात. कुठल्या युनिटचे तास खरोखर झाले, सिलॅबसच्या शेवटी छापलेलं संदर्भपुस्तक ग्रंथालयात आहे का, तीन विषयांच्या इंटर्नल एकाच आठवड्यात आल्या का, जे आधी यायला हवं होतं ते नंतर आलं का. नॅक विद्यार्थ्यांना थेट जी प्रश्नावली पाठवते, तिच्यातला पहिलाच प्रश्न वर्गात सिलॅबस किती शिकवून झाला असा आहे. हा प्रश्न मताचा नाही, साक्षीचा आहे. साक्षीदाराला विषयातला तज्ज्ञ असावं लागत नाही, तो जागेवर हजर असावा लागतो.

माझ्याच वर्गातलं सांगतो. मी फिजिकल केमिस्ट्री शिकवतो, तालुक्याच्या गावी. बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेली मुलं आमच्याकडे भरपूर येतात. पहिल्या सत्रात रासायनिक गतिकी आली की पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचं समीकरण काढायचं, आणि त्यासाठी संकलन करावं लागतं. मी ते फळ्यावर दोन ओळींत करत असे आणि पुढे जात असे. फॉर्ममध्ये मला पाचपैकी चारच्या वर गुण असायचे. एका वर्षी मी फॉर्मच्या शेवटच्या मोकळ्या चौकटीतली उत्तरं पहिल्यांदा बसून वाचली. बहुतेक रिकाम्या होत्या. एकीत लिहिलं होतं: ‘सर, २.३०३ कुठून येतो?’

ज्यांनी रसायनशास्त्र शिकलं आहे त्यांना हा आकडा माहीत असेल. नैसर्गिक लॉगवरून दहाच्या पायाच्या लॉगवर येताना गुणावी लागणारी ती संख्या आहे, बस. पण लॉगला पाया असतो हेच ज्याला कुणी सांगितलं नाही, त्याच्यासाठी तो आकाशातून पडलेला आकडा आहे. बारावीत पाठ केला, माझ्याकडेही पाठ केला, गणितं सोडवली, गुण मिळवले. चारच्या वरच्या सरासरीत हा मुलगा मला दिसणं शक्य नव्हतं. तो काही विषयाचा तज्ज्ञ नव्हता, पण अभ्यासक्रमात नेमकी तुळई कुठे निखळली आहे ते त्याने चार शब्दांत दाखवलं होतं, आणि ती माझ्या वीस वर्षांच्या अनुभवाला दिसली नव्हती. तो तोवर एसवायला गेला होता. मला याची आजही खंत वाटते.

(ज्याच्यासाठी शिक्षण आहे त्याच्या अंगाला ते बसतं का, हा प्रश्न आपल्याकडे काही नॅकने आणलेला नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी शाळांतलं शिक्षण शेतकऱ्याच्या मुलाच्या कामाचं नाही हेच सांगितलं होतं, आणि अभ्यासक्रमात शेतीचं व आरोग्याचं ज्ञान हवं असं मागितलं होतं.)

तिसरा आक्षेप: फीडबॅकला फार महत्त्व दिलं की शिक्षक मुलांना खूश ठेवायला लागतात. सोपे पेपर, सढळ गुण, नोट्स उतरवून देणं. हा आक्षेप निराधार नाही. अमेरिकेच्या वायुसेना अकादमीत विद्यार्थ्यांना शिक्षक निवडता येत नाही, ते यादृच्छिक पद्धतीने वाटले जातात. तिथल्या नोंदींवरून कॅरेल आणि वेस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवलं, की ज्या प्राध्यापकांना विद्यार्थी वरचे गुण देतात त्यांचे विद्यार्थी त्या विषयात चांगले गुण मिळवतात, पण त्याच विषयावर उभ्या असलेल्या पुढच्या अभ्यासक्रमांत मागे पडतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका लहानशा ऑनलाइन प्रयोगात तर तोच शिक्षक पुरुषाच्या नावाने शिकवताना जास्त गुण घेऊन गेला आणि बाईच्या नावाने कमी. कॅनडात टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठातला वाद लवादापुढे गेला, तेव्हा २०१८ मध्ये निवाडा झाला, की असे गुण अध्यापनाचा दर्जा मोजून बढत्या ठरवायला वापरू नयेत.

हे सगळं मी मान्य करतो, आणि त्यातून माझ्या सहकाऱ्यांच्या नेमका उलटा निष्कर्ष काढतो. दोष विद्यार्थ्याला विचारण्यात नाही. आपण एकाच फॉर्ममध्ये दोन वेगळी कामं कोंबतो, तिथे दोष आहे. ‘हा शिक्षक कसा?’ हा निकालाचा प्रश्न आहे. ‘या अभ्यासक्रमात तू कुठे अडतोस?’ हा दुरुस्तीचा. पहिल्यावर पगारवाढ टांगली की दुसऱ्याचं खरं उत्तर कुणाला परवडत नाही, ना शिक्षकाला, ना मुलाला. तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१९ च्या नियमांत शिक्षकाच्या शंभर गुणांपैकी पंचवीस विद्यार्थ्यांच्या फीडबॅकचे आहेत. कायम नोकरीतला माणूस ते कसेबसे झेलेल. तासिका तत्त्वावर, दरवर्षी नव्याने नेमणूक मागणाऱ्या तरुण शिक्षकाने काय करावं? त्याला आपण सांगतो आहोत, की मुलांना अडचण विचारू नकोस, कारण अडचण कागदावर आली तर तुझीच गच्छंती आहे. हे थांबलं पाहिजे. अभ्यासक्रमाच्या दुरुस्तीसाठी घेतलेला फीडबॅक कुणाच्याही वैयक्तिक नोंदींत जाणार नाही, असं विद्यापीठांनी लेखी जाहीर करावं.

भीती दुसऱ्या बाजूलाही आहे, आणि तिच्याबद्दल आपण बोलतच नाही. टीवायच्या वर्गात अकरा मुलं असतात. अक्षर ओळखू येतं, मराठीची ढब ओळखू येते, आणि इंटर्नलचे गुण त्याच शिक्षकाच्या हातात असतात. ‘नाव लिहू नका’ एवढ्याने त्या मुलाला अभय मिळत नाही.

चौथा आक्षेप आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांचा आवडता आहे: सिलॅबस विद्यापीठाचा, आमच्या हातात काय? अभ्यासमंडळ मसुदा करणार, तो विद्याशाखेतून विद्यापरिषदेपर्यंत जाणार, आणि मग वर्षानुवर्षं तोच चालणार. मुंबई विद्यापीठाचा एक सिलॅबस कुलाब्यापासून सावंतवाडीपर्यंत शिकवला जातो, हे खरं आहे. पण सिलॅबसमध्ये युनिटं छापलेली असतात. ती कुठल्या क्रमाने, कुठल्या उदाहरणांनी, कुठल्या भाषेच्या आधाराने शिकवायची, इंटर्नल कशी घ्यायची, प्रॅक्टिकल थेअरीच्या आधी लावायचं की नंतर, हे आम्हीच ठरवतो. २.३०३ साठी मला अभ्यासमंडळाची परवानगी लागली नाही. सुरुवातीचे चार तास काढले, लॉग आणि संकलन शिकवलं, गतिकीचं युनिट मागे ढकललं. गणित विभागातल्या मॅडमनी त्यातले दोन तास घेतले. सिलॅबस पूर्ण झाला.

मग करायचं काय? जे मी गेली चार वर्षं करतो आहे ते सांगतो. कल्पना माझी नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९७० च्या दशकाअखेर ही पद्धत बसवली गेली आणि नंतर ती बऱ्याच ठिकाणी गेली. सत्र निम्म्यावर आलं, साधारण सातवा-आठवा आठवडा, की मी वर्गाबाहेर जातो आणि वनस्पतिशास्त्रातल्या मॅडम माझ्या वर्गावर येतात. मुलं चार-चार, पाच-पाच जणांत बसतात. कशाने समजायला मदत होते, कुठे अडतं आणि काय बदलता येईल, असे तीनच प्रश्न. गटाचं एकमत झालेलं तेवढंच मॅडम फळ्यावर घेतात, वर्गाला विचारतात की हे सगळ्यांचं आहे ना, आणि स्वतःच्या अक्षरात उतरवून फळा पुसतात. कुणाचं अक्षर माझ्यापर्यंत येत नाही. पंचवीस मिनिटं लागतात. मग त्या आणि मी बसून बोलतो. हे बोलणं महत्त्वाचं आहे. संशोधक पीटर कोहेन यांनी १९८० मध्ये विद्यार्थ्यांचा फीडबॅक मिळालेल्या आणि न मिळालेल्या शिक्षकांच्या बावीस तुलना एकत्र करून पाहिल्या होत्या. नुसते आकडे शिक्षकाच्या हाती दिल्याने सुधारणा थोडी होते, आकड्यांबरोबर कुणी जाणकार बोलायला बसला तर बरीच जास्त होते. नंतर मीही त्यांच्या वर्गावर जातो.

त्यानंतरच्या पहिल्याच तासाला मी उत्तर देतो. काय आजपासून बदलेल ते सांगतो, काय पुढच्या वर्षीच शक्य आहे ते सांगतो, आणि काय बदलणार नाही ते कारणासकट सांगतो.

‘नाही’ म्हणायला शिक्षक घाबरतात असा माझा अनुभव आहे, आणि ते घाबरणं अनाठायी आहे. गेल्या वर्षी दोन गटांनी मागितलं, की उत्तरं तयार करून उतरवून द्या. मी म्हटलं, देणार नाही; कारण उतरवलेलं उत्तर प्रश्न थोडा फिरवला की निकामी होतं, आणि तुमचे पुढचे पेपर प्रश्न फिरवूनच येतात. त्याऐवजी दर शनिवारी अर्धा तास तुमची लिहिलेली उत्तरं इथेच तपासून देईन. कुणी रुसलं नाही. शनिवारी निम्मा वर्ग यायला लागला. कारणासकट दिलेला नकार मुलं सहज पचवतात. त्यांना सोसत नाही ते मौन.

विद्यापीठाने याहून फार वेगळं काही करायचं नाही. दर अभ्यासक्रमाबद्दल महाविद्यालयांकडून आलेल्या अडचणी अभ्यासमंडळापुढे ठेवायच्या, आणि नवा सिलॅबस जाहीर करताना त्याच्या मागे एक-दोन पानं जोडायची: विद्यार्थ्यांनी हे सांगितलं, त्यातलं हे घेतलं, हे घेतलं नाही, कारण असं. कायदा बदलावा लागत नाही, नवं पद निर्माण करावं लागत नाही. आज सिलॅबसची पीडीएफ येते तिच्यात उद्दिष्टं असतात, क्रेडिट असतात, संदर्भग्रंथांची यादी असते. ती दोन पानं तेवढी नसतात.

या जूनमध्ये नव्या तुकडीच्या पहिल्या तासाला मी आधीच्या मुलांनी काय सांगितलं आणि त्यामुळे काय बदललं ते वाचून दाखवलं. लॉगच्या चार तासांचं सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘सर, ज्यांनी हे लिहिलं त्यांना माहितीये का, की आम्हाला त्याचा उपयोग होणार आहे म्हणून?’ माहीत नव्हतं. त्या तुकडीचा ग्रुप माझ्या फोनमध्ये अजून होता. मुलं कुठे कुठे पांगलेली, कुणी एमएस्सीला, कुणी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत. संध्याकाळी मी त्यांना सगळं लिहून कळवलं, चार वर्षं उशिरा. रात्री एकाचं उत्तर आलं. ‘सर, मग आता त्यांना कळतं का?’

मी लिहिलं, आठव्या आठवड्यात विचारतो आणि कळवतो.