आधी माती मोजा, मग सही मागा!



कार्बन क्रेडिटचे करारनामे आता बांधापर्यंत आले आहेत. उसाचे पाचट जाळू नका, नांगरट कमी करा, मातीत कर्ब वाढेल आणि त्याचे पैसे मिळतील, असे सांगितले जाते. पाचट जाळू नये हे शंभर टक्के खरे आहे. एकरी तीन-चार टन पाचट पेटवणे म्हणजे जमिनीच्या तोंडचा घास काढून घेणे. आमचा विरोध आहे तो अंदाजपंचे हिशोबाला.

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. एका एकरातला वरचा फूटभर थर म्हणजे साधारण १६०० टन माती. तिच्यातला सेंद्रिय कर्ब नुसता ०.१ टक्क्याने वाढला, तरी कागदावर जवळपास सहा टन कार्बन डायऑक्साइड जमिनीत मुरला असे होते. आणि एवढा फरक तर एकाच रानात बांधालगतच्या आणि पाटालगतच्या नमुन्यातही येतो! वर्षाकाठी खरी भर याहून खूप कमी पडते. मग एका खड्ड्यातल्या मातीवर कोणाचे पैसे ठरवणार?

मृदा आरोग्य पत्रिका पुढे केली जाईल. त्या योजनेच्या मूळ पद्धतीत बागायतीत अडीच हेक्टरला आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एकच नमुना घेतला जायचा. पत्रिकेवरचा आकडा शेजाऱ्याच्या रानातलाही असू शकतो. खताची मात्रा ठरवायला तो चालेल, व्यवहाराला चालणार नाही.

आपल्या काळ्या जमिनीची आणखी एक गोष्ट आहे. तिच्यात चुनखडी असते आणि चुनखडीतही कर्ब असतो, पण तो सेंद्रिय नव्हे. प्रयोगशाळेने एकूण कर्ब काढून चुनखडीचा वजा केला नाही, तर आकडा फुगतो. शिवाय ही माती ओलीने फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पहिला नमुना पावसाळ्यानंतर आणि दुसरा मे महिन्यात घेतला, तर फूटभर थरातल्या मातीचे वजनच बदलते आणि कर्ब नसता वाढलेला किंवा घटलेला दिसतो.

आता नत्राकडे या, कारण करार सांगताना त्याचे नाव सहसा निघत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असते. आंतरराष्ट्रीय ढोबळ दराने त्यातले एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जाते. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. म्हणजे एका गोणीमागे सुमारे ८९ किलो कार्बन डायऑक्साइडचा बोजा! आडसाली उसाला एकरी १६० किलो नत्राची शिफारस आहे. तेवढे दिले तर एका पिकात हा बोजा जवळपास ७०० किलो होतो. वर पाचट कुजवायला आपण युरिया टाकतोच.

हा एक टक्काही पक्का नाही. २०१९ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात रासायनिक खतासाठी ओल्या हवामानात १.६ टक्के आणि कोरड्या हवामानात ०.५ टक्के धरले आहेत. तिपटीहून अधिक फरक! मग अवर्षणप्रवण तालुक्यातल्या पाटपाण्याच्या उसाला कोणता दर लावणार? युरिया टाकून पाणी दिले की पुढचे काही दिवस हा वायू सर्वांत जास्त सुटतो. जमिनीवर बंद पेटी ठेवून, ठरावीक मिनिटांनी सिरिंजने हवा काढून तो मोजतात. महिन्यातून एकदा पेटी ठेवणाऱ्याच्या हातून नेमके तेच दिवस सुटतात.

केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा जाहीर केला. आमची मागणी साधी आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांनी आपापल्या भागातल्या जमिनीवर मोजलेले कर्बाचे आणि नायट्रस ऑक्साइडचे आकडे मराठीत, गावोगाव खुले करावेत. क्रेडिट विकत घेणाऱ्याने प्रत्येक रानातून अनेक ठिकाणचे नमुने दर वेळी त्याच हंगामात, त्याच खोलीवरून घ्यावेत, नत्राचा बोजा वजा करावा आणि अहवालाची प्रत शेतकऱ्याच्या हातात द्यावी. मोजणीचा खर्च क्रेडिट घेणाऱ्यानेच करायचा.

तोवर कोणीही एकट्याने सही करू नका. करारनामा ग्रामसभेत आणा, मोठ्याने वाचून घ्या, त्याची मुदत किती वर्षांची आहे ते बघा आणि माती कोण, कशी, किती वेळा मोजणार हे लेखी मागा. ते लेखी मिळाले नाही, तर कागद परत करा.