बटण दाबण्याआधीची सात मिनिटे

पाटणच्या खोऱ्यातून, शिराळा-वाळव्यातून किंवा खटावच्या माळावरून कराडला दुर्बिणीच्या तपासणीसाठी येणारा रुग्ण बहुधा महिनोन्‌महिने पित्ताच्या गोळ्या खाऊन आलेला असतो. जळजळ थांबली म्हणजे दुखणे गेले, असे त्यालाही वाटते आणि गोळी लिहून देणाऱ्यालाही. आम्ल कमी करणाऱ्या औषधांनी जठराच्या कर्करोगाचा व्रणसुद्धा काही काळ भरून आल्यासारखा दिसतो. मग वजन उतरते, जेवण अडकते आणि तेव्हा कुठे पोटात नळी जाते.

लवकर सापडले तर काय घडते, हे जपानने दाखवले आहे. म्यूकोसा किंवा सबम्यूकोसापुरता मर्यादित कर्करोग हा सुरुवातीचा, मग लसिकाग्रंथी बाधित असोत वा नसोत, अशी व्याख्या तिथे १९६२ साली ठरली. या टप्प्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण तिथे पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. गोतोदा आणि सहकाऱ्यांनी २००० साली पाच हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा आढावा घेतला. त्यात तीन सेंटिमीटरच्या आतले, म्यूकोसापुरते, चांगल्या डिफरन्शिएटेड प्रकारचे १,२३० कर्करोग होते आणि त्यांपैकी एकातही लसिकाग्रंथींत प्रसार नव्हता. असा कर्करोग दुर्बिणीतूनच सोलून काढता येतो.

जपान-कोरियात सरकारी तपासणी योजना आहेत. आपल्याकडे जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मिझोराममध्ये फार मोठे, महाराष्ट्रात त्या मानाने कमी. त्यामुळे सातारा-सांगलीत सरसकट तपासणी व्यवहार्य नाही. पित्तासाठी केलेली एन्डोस्कोपी हीच इथली संधी, आणि ती त्या रुग्णाच्या आयुष्यात बहुधा एकदाच येते.

या संधीला आता एनबीआयची (नॅरो बँड इमेजिंग) जोड मिळाली आहे. ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचा अरुंद प्रकाश हिमोग्लोबिन शोषून घेते, त्यामुळे वरच्या थरातल्या केशवाहिन्या तपकिरी आणि खोलवरच्या शिरा निळसर-हिरव्या दिसतात. मॅग्निफिकेशन जोडले की याओ यांच्या पद्धतीने आधी सीमारेषा पाहायची. सीमारेषा नसेल तर कर्करोगाची शक्यता कमी. असेल तर आतल्या रक्तवाहिन्यांची किंवा पृष्ठभागाची रचना विस्कटलेली आहे का, ते तपासायचे. २०१६ चा मेसडा-जी आराखडा याच क्रमाने जातो. एझोए यांच्या २०११ च्या चाचणीत लहान, खोलगट जागांचे निदान साध्या प्रकाशात ६४.८ टक्के अचूक ठरले, मॅग्निफाइंग एनबीआयने ९०.४ टक्के, आणि दोन्ही मिळून ९६.६ टक्के.

हे आकडे वाचून यंत्राच्या किमतीची चौकशी करावीशी वाटते. पण ही अचूकता आधी सापडलेल्या जागेबद्दलची आहे. मुळात जागा शोधण्याच्या कामी दुसऱ्या पिढीचे एनबीआय साध्या पांढऱ्या प्रकाशापेक्षा सरस ठरते का, हे जपानमधल्या एका मोठ्या चाचणीत तपासले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेले निकाल असे: २.३ टक्के विरुद्ध १.९ टक्के, म्हणजे लक्षणीय फरक नाही. एलसीआयने (लिंक्ड कलर इमेजिंग) मात्र त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अन्ननलिका, घसा आणि जठर मिळून ८.० टक्के रुग्णांत गाठी शोधल्या. पांढऱ्या प्रकाशात ४.८ टक्के. ज्यांच्याकडे ते बटण आहे, त्यांनी ते जरूर वापरावे.

ज्यांच्याकडे नाही, त्यांच्याकडे वेळ आहे, आणि या मासिकाच्या मते सर्वाधिक हयगय तिथेच होते. सिंगापूरच्या एका अभ्यासात सरासरी सात मिनिटांहून अधिक वेळ घेणाऱ्या एन्डोस्कोपिस्टना जठरातल्या धोकादायक जागा दुपटीने सापडल्या. ब्रिटिश गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी संघटनेनेही २०१७ साली सातच मिनिटे सुचवली. एका आढाव्यानुसार अन्ननलिका आणि जठराच्या कर्करोगांपैकी ११.३ टक्के आधीच्या तीन वर्षांतल्या एन्डोस्कोपीत निसटलेले असतात. यादी लांब असते, रुग्णाला परतीची एसटी गाठायची असते, हे खरेच. तरी फेस आणि श्लेष्मा तसाच ठेवून पुढे सरकणे समर्थनीय नाही. तपासणीआधी पाण्यातून सिमेथिकोन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन दिले तर खर्च थोडा आणि पडदा स्वच्छ. याओ यांची २२ छायाचित्रांची फेरी कोणत्याही स्कोपने करता येते, आणि तिच्यामुळे इन्सिसुराचा कोपरा व कार्डियाची मागची बाजू सहसा सुटत नाही.

एक इशारा लिहायलाच हवा. फिकट, सपाट, अनडिफरन्शिएटेड कर्करोग वरच्या आवरणाखालून पसरतो. तिथे सीमारेषा अस्पष्ट राहते आणि एनबीआय फसवते. अशा वेळी भोवतालच्या भागातूनही बायोप्सी घ्यावी. मिश्री लावणाऱ्या महिलेला आणि विडी ओढणाऱ्या पुरुषाला वय विचारण्याइतक्याच सहजतेने तंबाखूबद्दल विचारावे, कारण तंबाखूचा जठराच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध आहे.

मलकापूरच्या कृष्णा रुग्णालयाने आणि त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाने कराडला गेली चार दशके उपचाराचे केंद्र केले. मिरजेची वैद्यकीय परंपरा तर १८९४ पासूनची. संशयित जागा सापडल्यावर रुग्ण याच मोठ्या केंद्रांकडे किंवा पुणे-मुंबईला जाईल. म्हणून त्याच्या हातात नुसते ‘गॅस्ट्रायटिस, बायोप्सी घेतली’ एवढेच देऊ नये. जागा नेमकी कुठे, आकार किती मिलिमीटर, पॅरिस वर्गीकरणातला प्रकार कोणता, किती तुकडे घेतले, हे लिहावे. पांढऱ्या प्रकाशातले आणि एनबीआयचे छायाचित्र जोडावे. पॅथॉलॉजिस्टकडे जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर जागेचे नाव असावे. जठरातल्या व्रणाची बायोप्सी निर्दोष आली, तरी सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालण्याची तारीख त्याच अहवालावर लिहून द्यावी.