दीड तासाचं विमान

नागपूर ते मुंबई किती वेळ लागतो, असं कोणालाही विचारा, उत्तर येतं: दीड तास. सरळ हवाई अंतर जेमतेम सातशे किलोमीटर, रेल्वेने 837. हा हिशेब माझ्याही डोक्यात पक्का बसला होता. म्हणूनच फजरनंतर मुंब्र्याहून फुफी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी फुफेरा भावाला बिनदिक्कत सांगून टाकलं, ''दीड तासाचं तर विमान आहे, जोहरच्या आत पोचतो.''

पावणेसातला रामटेकचं घर सोडलं. मनसरपर्यंत ऑटो, तिथून बसने कन्हान, कामठी करत ऑटोमोटिव्ह चौक, पुढे मेट्रो, पुन्हा ऑटो. विमानतळ नागपूरच्या पार दुसऱ्या टोकाला, सोनेगावला. सव्वानऊला आत शिरलो. विमान 10:40 चं; सुटलंही वेळेवर, उतरलंही वेळेवर. मुंब्र्यात पोचायला मात्र अडीच वाजले. भावाने जनाजा पंधरा-वीस मिनिटं थांबवून धरला होता. त्याहून जास्त कोण थांबवणार? आमच्याकडे मय्यतीला उशीर करत नाहीत. मिट्टी द्यायलाही मी नव्हतो.

दोष विमानाचा नाही, माझ्या हिशेबाचा आहे. वेळापत्रकातला दीड तास विमान जागेवरून हलल्यापासून ते पुन्हा उभं राहीपर्यंतचा असतो. माझे पावणेआठ तास त्यात कुठेच नव्हते.

आपल्या फिकहचा हिशेब मला म्हणूनच जास्त खरा वाटतो. जुन्या हनफी आलिमांनी सफरचं अंतर तीन दिवसांच्या चालीवर मोजलं आणि माणूस गावाची वस्ती ओलांडतो तिथूनच त्याला मुसाफिर मानलं. (आमच्या गडाशी ज्याचं नाव जोडतात त्या कालिदासानेही मेघाला डोंगरावर विसावा घ्यायला, नदीचं पाणी प्यायला वेळ दिला आहे.)

मुंबई जवळ आली म्हणतात, ती नागपूर शहराला आली. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, इगतपुरी-आमणे हा शेवटचा तुकडा जून 2025 मध्ये खुला झाला. आता आठ तासांचा प्रवास म्हणतात, पण तेही नागपूरपासून आणि स्वतःची गाडी असेल तर. मेट्रोचा दुसरा टप्पा कन्हान नदीपर्यंत येणार आहे, ते चांगलंच. पण रामटेक, पारशिवनी, मौद्याच्या माणसाला आधी हवी आहे ती पहाटे सुटणारी, विमानतळावर थेट सोडणारी साधी एसटी. सातशे किलोमीटरसाठी दीड तास आणि साठेक किलोमीटरसाठी अडीच, याची लाज कोणाला तरी वाटायला हवी.

त्या दिवशी कबरस्तानाजवळच्या मशिदीत जोहरची कसर पढलो, दोन रकात. भावाने उशीर का झाला, हे विचारलं नाही. चहा पुढे केला आणि म्हणाला, ''घरून किती वाजता निघाला होतास?''