भिंतीवरचे शहर आणि प्रिंटच्या पाठीवरची ओळ

१/ असंख्य घरांच्या बैठकीत आज पॅरिसची एक कृष्णधवल गल्ली टांगलेली असते. ओली फरसबंदी, कडेला दिव्याचा खांब, माणूस एकही नाही. खाली बहुधा एवढेच छापलेले असते: ‘पॅरिस’. रस्ता कोणता, वर्ष कोणते, टिपणारा कोण, याचा पत्ता नसतो. हा धागा त्या गाळलेल्या ओळीविषयी आहे.

२/ मत आरंभीच मांडलेले बरे. शहराचे छायाचित्र घराची शोभा जरूर वाढवते. पण मुळात ते साक्षीपत्र असते. स्थळ, काळ आणि कर्त्याचे नाव काढून ते विकणे म्हणजे दस्तऐवजाची सही फाडून उरलेला कागद चौकटीत बसवणे. त्यात छायाचित्रकारावर अन्याय होतोच. त्या गल्लीतून उठवल्या गेलेल्या माणसांवर त्याहून मोठा होतो.

३/ प्रथम त्या निर्मनुष्य रस्त्याविषयी. १८३८ मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसमधील एका खिडकीतून ‘बुलेव्हार द्यु तांप्ल’ या गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. प्रकाश टिपायला कित्येक मिनिटे लागत. तेवढ्यात घोडागाड्या आणि पादचारी सरकून गेले. पत्र्यावर त्यांची खूणही उरली नाही.

४/ उरला तो एक माणूस. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी तो एका जागी उभा होता, म्हणून उमटला. छायाचित्रात दिसणारा हा पहिला मनुष्य मानला जातो. म्हणजे शहराच्या छायाचित्रातील रितेपणा ही प्रारंभी तंत्राची मर्यादा होती. आज ती ‘शांतता’ म्हणून विकली जाते.

५/ पुढचा टप्पा सत्तेचा. १८५३ ते १८७० या काळात तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेने प्रीफेक्ट ओस्मान यांनी पॅरिसची नव्याने आखणी केली. रुंद रस्ते, भूमिगत गटारे, उद्याने झाली. त्यासाठी दाट जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या आणि अनेक गरीब कुटुंबांना शहराच्या कडेला सरकावे लागले.

६/ जे पाडायचे त्याची नोंद ठेवावी, असे शहराच्या प्रशासनालाच वाटले. शार्ल मार्विल यांच्याकडे हे काम आले. १८६० च्या दशकात त्यांनी जुन्या रस्त्यांची चारशेहून अधिक छायाचित्रे टिपली. त्यांतील कित्येक रस्ते नव्या आखणीच्या वाटेवर होते. आज ‘जुने पॅरिस’ म्हणून टांगली जाते ती गल्ली पुष्कळदा पाडकामाच्या यादीतली असते.

७/ मार्विल यांच्या चित्रांतील तो ओलावा जवळून पाहावा. फरसबंदीच्या मधोमध खोलगट पन्हळ दिसते. तिच्यातून घरांचे सांडपाणी वाहत असे. प्रेक्षकाला जी काव्यमय चमक वाटते, ती अनेकदा गटाराची असते. नव्या रस्त्यांवरचे गॅसच्या दिव्यांचे खांबही मार्विल यांनी टिपले, तेही प्रशासनासाठीच. जुन्याची दुर्दशा आणि नव्याचा दिमाख, दोन्ही एकाच दप्तरात जमा झाले.

८/ मार्विल यांच्यानंतर हे काम पुढे नेले युजीन आत्जे यांनी. जन्म १८५७ चा, बालपणीच पोरके झालेले. काही काळ जहाजावर नोकरी, मग नाटकात नट. तेथे बस्तान बसले नाही. तिशी ओलांडल्यावर ते छायाचित्रणाकडे वळले. त्यांच्या दारावरच्या पाटीचा आशय साधा होता: कलावंतांसाठी दस्तऐवज.

९/ गिऱ्हाईक होते चित्रकार, नेपथ्यकार, कारागीर. पुढे ग्रंथालये आणि संग्रहालये. कुणाला जिन्याचा कठडा हवा असे, कुणाला दारावरची मूठ, कुणाला दुकानाची पाटी. आत्जे ते पुरवत. १८९७ च्या सुमारास त्यांनी ‘जुने पॅरिस’ पद्धतशीर टिपायला घेतले आणि सुमारे तीस वर्षे तेच केले.

१०/ साधने जड होती: लाकडी कॅमेरा, तिपाई, १८ × २४ सेंटिमीटरच्या काचेच्या निगेटिव्ह. पुष्कळदा ते भल्या पहाटे निघत. म्हणूनही रस्ते रिकामे दिसतात. तरी एखाद्या कोपऱ्यात हललेल्या माणसाची पुसट सावली राहून जाते. मोठ्या आकारात छापताना काही विक्रेते ती ‘साफ’ करतात. जिवंतपणाची तेवढी एकच खूण पुसली जाते.

११/ आता ती ओळ. आत्जे निगेटिव्हवर क्रमांक कोरत आणि प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीने जागेचे नाव लिहीत. ग्रंथालयाला सुंदर गल्ली नको होती. अमुक रस्त्यावरचे अमुक घर हवे होते. पाठीवरच्या लेखनामुळेच तो कागद संग्रहात ठेवण्याजोगा झाला. आज घरोघरी पोहोचते ती फक्त पुढची बाजू.

१२/ १९२० मध्ये आत्जे यांनी सुमारे २,६०० निगेटिव्ह फ्रेंच सरकारला १०,००० फ्रँकला दिल्या. आपल्या मागे हा साठा विखुरला जाईल, ही त्यांची चिंता होती. एका माणसाने जुन्या शहराची वही लिहिली आणि ती योग्य हाती सोपवण्यासाठी धडपड केली, असे या व्यवहाराचे स्वरूप आहे.

१३/ १९२६ मध्ये त्यांच्याच रस्त्यावर राहणाऱ्या मॅन रे यांच्यामुळे आत्जे यांचे एक चित्र अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आले. १९१२ च्या सूर्यग्रहणाकडे पाहणारी गर्दी त्यात आहे. आपले नाव छापू नये, असे आत्जे यांनी सुचवले. ही चित्रे त्यांच्या लेखी दस्तऐवजच होती. स्वतःच्या नावाबाबत उदासीन असलेला हा माणूस रस्त्याचे नाव मात्र चुकवत नसे.

१४/ १९२७ मध्ये आत्जे वारले. बेरेनिस ॲबट या तरुण अमेरिकी छायाचित्रकार स्त्रीने त्यांच्याकडचा उरलेला संग्रह, हजाराहून अधिक निगेटिव्ह आणि हजारो प्रिंट, मिळवला आणि दशके सांभाळला. १९६८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला. मधल्या काळात ॲबट यांनी स्वतः बदलते न्यूयॉर्क टिपले; त्याचे पुस्तक १९३९ मध्ये निघाले.

१५/ पण संग्रहातले सगळेच भिंतीवर येत नाही. आत्जे यांनी पॅरिसच्या तटाबाहेरच्या पट्ट्यात राहणारे चिंध्या वेचणारे, त्यांच्या झोपड्या आणि गाड्याही टिपल्या. चामडे कमावणाऱ्यांच्या वस्तीतून वाहणारी बीएव्र नदी, जी पुढे पॅरिसमध्ये पूर्ण झाकली गेली, तीही त्यांच्या चित्रांत आहे. बैठकीसाठी निवडला जातो तो दिवा, जिना आणि कमान. निवड हीच संपादन असते.

१६/ आणखी एक विस्मृत गोष्ट: ही चित्रे भिंतीसाठी नव्हतीच. आत्जे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमिन कागद वापरत. निगेटिव्ह त्यावर थेट ठेवून उन्हात छपाई होई. म्हणून प्रिंट काचेएवढीच. असा कागद उजेडात पिवळा पडतो, फिका होतो. तो आल्बममध्ये किंवा खणात ठेवायचा आणि हातात घेऊन पाहायचा.

१७/ म्हणून सोफ्यावरची चार फुटी गल्ली ही आत्जे यांची प्रिंट नसते. ती त्यांच्या निगेटिव्हचे नंतरचे भाषांतर असते. यात वावगे काही नाही. ॲबट यांनीही १९५६ मध्ये त्यांच्या निगेटिव्हवरून स्वतः काढलेल्या २० प्रिंटचा संच प्रसिद्ध केला. मात्र ‘नंतरची प्रिंट’ असे सांगणे हा प्रामाणिकपणा आहे.

१८/ रंगीत जुन्या शहरांबाबत अधिक सावधपणा हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाजलेली ‘फोटोक्रोम’ चित्रे कृष्णधवल निगेटिव्हवरून शिळाछापाच्या पद्धतीने रंगवली जात. त्यातले निळे आकाश छापखान्याने दिलेले असते. ते पाहून ‘तेव्हा शहर असे दिसे’ असे म्हणता येत नाही.

१९/ आक्षेप येईल: घर म्हणजे संग्रहालय नव्हे, डोळ्यांना सुख वाटले की पुरे. आक्षेपात तथ्य आहे. सौंदर्याला दाखला मागू नये. परंतु एक ओळ जोडल्याने सौंदर्य उणावत नाही. ती गाळल्याने मात्र पाडलेली वस्ती ‘वातावरणनिर्मिती’ होते. नफा-तोट्याचा हिशेब इतका उघड आहे.

२०/ हा प्रश्न केवळ पॅरिसचा नाही. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली; भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे छायाचित्रकार. मार्विल पॅरिस टिपत होते त्याच दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, फोर्टची तटबंदी पाडली जात होती. जुन्या मुंबईच्या प्रिंट आज घरांत आणि उपाहारगृहांत सर्वत्र आहेत. बहुतेकींखाली फक्त ‘ओल्ड बॉम्बे’.

२१/ ओळ हरवली असली तरी चित्रच काही सांगते. राजाबाई मनोरा पुरा दिसत असेल तर साल १८७८ किंवा नंतरचे. व्हिक्टोरिया टर्मिनस १८८८ मध्ये पूर्ण झाले, समोरची महापालिकेची इमारत १८९३ मध्ये. विजेची ट्राम दिसली तर १९०७ ते १९६४ च्या मधले. अशी तारीख लावता येणे हेच चित्र वाचणे होय.

२२/ तेव्हा शहराची प्रिंट घेणाऱ्याने चार प्रश्न विचारावेत: जागा कोणती, वर्ष कोणते, कुणी टिपले, ही छपाई केव्हाची? विक्रेत्याला उत्तर देता आले तर किंमत सार्थ. प्रिंट आम्लविरहित पुठ्ठ्यावर, थेट उन्हापासून दूर लावावी. आणि मिळालेली उत्तरे चौकटीच्या पाठीवर लिहून ठेवावीत.

२३/ पाहुणा विचारतो, ‘ही गल्ली कुठली?’ घरातल्या मुलाला उत्तर देता आले, गल्लीचे नाव आणि ती केव्हा, कशासाठी पाडली गेली हे सांगता आले, तर ते छायाचित्र त्या घरात आपले काम करत आहे. आत्जे यांनी पेन्सिलीने केले होते ते एवढेच. (धागा समाप्त)