भिंतीवरचा समुद्र



या वेळी पिकाऐवजी माशांविषयी लिहितो आहे, रागावू नका. माझी पुतणी चित्रकला शिकवते. मागच्या हिवाळ्यात ती अंदमानातील स्वराज द्वीपावर (२०१८ पर्यंत याचे नाव हॅवलॉक होते) गेली होती. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारायला शिकवणारे एक केंद्र तिथे आहे, त्याची भिंत रंगवायला. रजा प्रवास सवलत घेऊन आम्ही उभयताही जाऊन आलो.

पहिले काही दिवस तिने कुंचल्याला हात लावला नाही. खाऱ्या हवेने भिंतीला लोणा आलेला. तो तारेच्या ब्रशने खरवडला, भिंत गोड्या पाण्याने धुतली, खडखडीत वाळू दिली, मग प्रायमर. आपल्याकडे पावसाळ्याची ओल जायच्या आत दसऱ्याला डिस्टेंपर फासतात आणि संक्रांतीला पोपडे मोजतात.

नवशिके पाण्यात उतरण्याआधी या भिंतीपुढे उभे राहून मासे ओळखायला शिकतात. तिथला एक मासा हुबेहूब दगडासारखा, पाठीच्या काट्यांत विष. उठून दिसावा म्हणून पुतणीने तो लालभडक रंगवला. शिकवणाऱ्याने लगेच पुसायला लावला. खोल पाण्यात लाल रंग आधी नाहीसा होतो. लाल मासा शोधणारा माणूस खऱ्यावर पाय देईल, असे त्याचे म्हणणे.

मी गप्प बसलो. फार वर्षांपूर्वी एका गावात पंचायतीच्या भिंतीवर मी किडींची चित्रे काढून घेतली होती. मित्रकिडींत ढालकिडा सुरेख आला, त्याची अळी मात्र राहिली. ती काळी, नारिंगी ठिपक्यांची, दिसायला ओंगळ. पण मावा तीच फस्त करते. एका शेतकऱ्याने करडईवर ती पाहिली आणि फवारा मारला. मावा पुन्हा चढला. "साहेब, ही तुमच्या भिंतीवर कुठं होती?" त्याने विचारले. काय सांगणार?

पोवळ्यांवरून तिथे पुन्हा वाद झाला. पोवळे हा प्राणी आहे. हरभऱ्याच्या गाठीत जिवाणू राहतात तसे त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते त्याला अन्न देते, रंगही देते. पाणी तापले की हे शेवाळ निघून जाते आणि पोवळे पांढरे पडते. २०१० साली अंदमानात असे फार झाले. एक कोपरा पांढरा ठेवावा, असे पुतणीचे मत. गिऱ्हाईक बिचकेल, म्हणून चालक कां-कू करीत होते. अखेर दाराजवळ हातभर तुकडा पांढरा राहिला.

पुढच्या अंकात करडईवरील मावा. अळीचे चित्र सोबत देईन.