विश्लेषण : थंड इंजिनवर हॉट हॅच गचके का खाते? दोष गाडीचा की आपल्या पायाचा?

माझी शिफ्ट सकाळी सहाची. त्यामुळे साडेपाचला सोसायटीच्या बेसमेंटमधून गाडी बाहेर काढावी लागते. गाडी सेकंडहँड, छोटी, टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअरची. दिवसभर मस्त चालते. पण पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटे रॅम्प चढताना अशी गचके खाते की वॉचमनकाका खुर्चीतून उठून बघतात. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की पुढे उडी, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की नाक खाली, पुन्हा पाय दिला की पुन्हा उडी. शेजारी बसणाऱ्याच्या हातात चहाचा कप असेल तर तो कपड्यांवर सांडलाच म्हणून समजा.

गेल्या हिवाळ्यात गाडी एका वर्कशॉपमध्ये नेली. दुपारी दोनला, इंजिन गरम असताना. मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि यादी हातात दिली : प्लग बदला, थ्रॉटल बॉडी साफ करा, इंजेक्टर क्लीनिंग करून घ्या. सगळं केलं. बिल साडेसात हजार. दुसऱ्या दिवशी पहाटे रॅम्पवर तोच तमाशा. मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी असताना मी हे पैसे मुकाट्याने भरले, याचंच जास्त वाईट वाटलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे गचके बहुतेक वेळा बिघाड नसतात. पहिली दहा मिनिटं ही गाडी वेगळी वागते आणि ती वेगळ्या पद्धतीने चालवावी लागते. ही साधी गोष्ट गाडी विकणारे सांगत नाहीत, आणि मग आपण वर्कशॉपचं बिल भरत बसतो.

‘थंड इंजिन’ म्हणजे नेमकं किती थंड?

त्यासाठी निफाडची थंडी लागत नाही. इंजिनमधलं कूलंट साधारण ९० अंशांच्या आसपास असतं तेव्हा इंजिन नीट काम करतं. म्हणजे मुंबईत मे महिन्यात ३० अंशांवर उभी असलेली गाडीही इंजिनच्या हिशेबाने थंडच. थंडीत फक्त त्रास वाढतो आणि जास्त वेळ टिकतो.

पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. थंड धातूवर पडलेल्या पेट्रोलचा काही भाग भिंतींना चिकटून राहतो. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, सुरुवातीला जास्त पेट्रोल सोडतो. वडिलांच्या पिढीने चोक ओढून हेच केलं, आता ते आपोआप होतं. पण तुम्ही अॅक्सिलरेटर दाबता तेव्हा वाढीव पेट्रोलमधलं थोडं आधी भिंतीला चिकटतं. क्षणभर इंजिन उपाशी राहतं आणि गाडी अडखळते. मग एकदम जोर येतो. पाय काढला की भिंतीवरचं पेट्रोल सुटून जळत राहतं आणि गाडी लगेच मंदावत नाही. तुमचा पाय आणि इंजिनचं उत्तर यांच्यात असं अंतर पडतं.

त्यात प्रदूषणाचा भाग आहे. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम करत नाही. तो लवकर तापावा म्हणून ईसीयू ठिणगी मुद्दाम उशिरा टाकतो, म्हणजे उष्णता एक्झॉस्टकडे जाते. आयडलिंगही वाढवतो; काटा ८००ऐवजी १२००च्या आसपास दिसतो तो त्यामुळे. ऑक्सिजन सेन्सर तापेपर्यंत धुरातून येणारी माहिती नसते, म्हणून सगळं आधी भरून ठेवलेल्या तक्त्यावर चालतं. थोडक्यात, थंड इंजिन तुमच्या पायाचं कमी आणि स्वतःच्या तक्त्याचं जास्त ऐकतं.

मग साध्या हॅचबॅकमध्ये हे इतकं का जाणवत नाही?

१९७६ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयपासून ‘हॉट हॅच’ हा प्रकार जगभर पोहोचला : घरगुती आकाराची गाडी, पण इंजिन तिखट. आपल्याकडे या प्रकाराला कराने आकार दिला. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असेल तर कर कमी. म्हणून कंपन्यांनी इंजिन लहान ठेवलं आणि ताकद टर्बोतून काढली. २०१३ची पोलो जीटी टीएसआय १.२ लिटरची. २०२१ची ह्युंदाई आय२० एन लाइन एक लिटर, तीन सिलिंडर, १२० अश्वशक्तीची. २०२४ची टाटा अल्ट्रोझ रेसर १.२ लिटर, तीही १२० अश्वशक्तीची.

यातली गोम अशी की साधारण १५०० आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो. तेव्हा तुमच्याकडे फक्त एक लिटरचं छोटं इंजिन असतं. त्याच्या वर गेलं की जोर एकदम येतो. आणि रॅम्प, स्पीडब्रेकर, सोसायटीचं गेट, सिग्नलची रांग हे सगळं नेमकं याच सीमेवर घडतं. स्पोर्ट मोड असेल तर अॅक्सिलरेटर आणखी तिखट होतो, म्हणजे पाय थोडा हलला तरी इंजिनला तो मोठा हुकूम वाटतो. मग गाडी हिसका देते, त्या हिसक्याने पाय हलतो, पाय हलला म्हणून पुढचा हिसका. अर्धे गचके या पाय आणि गाडीच्या जुगलबंदीचे असतात. माझ्या रॅम्पवर हेच होत होतं, आणि ते कुठल्याच इंजेक्टर क्लीनिंगने जाणार नव्हतं.

डीसीटी गिअरबॉक्स असलेल्यांचं दुखणं थोडं वेगळं. ड्राय क्लचचा डीसीटी रांगेत इंच इंच सरकताना थरथरतो आणि थंड इंजिनचं वाढलेलं आयडलिंग त्यात भर घालतं. अशा वेळी पुढच्या गाडीला जरा लांब जाऊ द्यावं आणि मग ब्रेक पूर्ण सोडून एकदाच पुढे जावं.

गरम करत उभं राहायचं की निघायचं?

आमच्या चौथ्या मजल्यावरचे काका गाडी सुरू करून दहा मिनिटं बेसमेंटमध्ये उभी ठेवतात आणि मधूनमधून रेस देतात. ‘आमच्या वेळी असंच करायचे,’ म्हणतात. कार्ब्युरेटरच्या काळात त्यांचं बरोबर होतं. आता नाही. उभ्या गाडीचं इंजिन फार हळू तापतं, तेवढा वेळ जादा पेट्रोल जळत राहतं, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन ऑइलमध्ये उतरतं, आणि धूर पहिल्या मजल्यावरच्यांच्या घरात जातो. रेस देणं तर सर्वात वाईट. टर्बोचा शाफ्ट जोरात असताना मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. ते तेल अजून दाट असताना त्याला पळवायचं कशाला?

सुरू करून वीस-तीस सेकंद थांबावं. तेवढ्यात सीटबेल्ट लावून होतो. मग निघावं, पण हळू. टाच जमिनीवर टेकलेली हवी, म्हणजे हिसक्याने पाय हलत नाही. मी आता सपाट जागेवर अॅक्सिलरेटरला हातच लावत नाही (म्हणजे पाय). आयडलिंग वाढलेलं असतंच, क्लच सावकाश सोडला की गाडी आपसूक निघते. रॅम्पवर उलटं करतो : काटा १८००च्या आसपास नेऊन पाय तिथेच ठेवतो आणि गाडी क्लचने सांभाळतो. पाय आत-बाहेर करायचा नाही. थांबायचं असेल तर एवढ्या कमी वेगात आधी क्लच दाबायचा, मग अॅक्सिलरेटर सोडायचा. वर आलं की लवकर दुसरा गिअर. गिअरबॉक्सचं तेलही दाट असतं, तेव्हा गिअर बळाने ढकलू नये, किंचित थांबून टाकावा.

मायलेजवाल्यांना हे पटणार नाही, पण थंड टर्बो गाडी तिसाच्या वेगात चौथ्या गिअरमध्ये ओढणं ही वाईट सवय आहे. १८०० ते २५०० आरपीएमच्या पट्ट्यात चालवा. निळा दिवा विझला म्हणजे कूलंट तापलं. ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. खरी मजा त्यानंतर पाच-सात किलोमीटरनी घ्यावी.

इथे माझी कंपन्यांशी तक्रार आहे. जोरात चालवण्याच्या नावावर गाडी विकायची, आणि अनेक गाड्यांत तापमानाचा काटाच काढून फक्त निळा-लाल दिवा ठेवायचा, हे बरोबर नाही. ऑइलचं तापमान स्क्रीनवर दाखवणं अवघड नाही. डिलिव्हरीच्या दिवशी नारळ फोडतात, केक कापतात, फोन जोडून दाखवतात. थंड इंजिनबद्दल मला तरी कधी एक वाक्य ऐकू आलेलं नाही. मग लोक ‘स्मूद होईल’ म्हणून ईसीयूचं रीमॅपिंग करून घेतात आणि वॉरंटी धोक्यात घालतात.

ई२० पेट्रोलवर सगळं खापर फोडणाऱ्यांसाठी एवढंच : इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, हे खरं. ब्राझीलमध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांना थंडीत सुरू होण्यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असायची. पण आपल्याकडे प्रमाण २० टक्के आणि हवा उबदार. गचक्यांमध्ये त्याचा हात असला तरी मुख्य आरोपी तो नव्हे.

पण खरा बिघाड असेल तर?

तोही असतो. इंजिन तापल्यावरही गचके राहिले, आयडलिंग वरखाली होत राहिलं, पेट्रोलचा उग्र वास आला, तर गाडी दाखवा. कूलंटचा टेम्परेचर सेन्सर खोटं सांगत असेल तर ईसीयू चुकीचं मिश्रण देतो. पंधरा मिनिटं चालवूनही निळा दिवा जात नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असू शकतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या जुन्या गाडीत व्हॉल्व्हवर कार्बन साचतो. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला तर वर्कशॉपची वेळ घ्या. तो लुकलुकत असेल तर मिसफायर आहे, पाय लगेच हलका करा. पावसाळ्यात दोन दिवस उभी राहिलेली गाडी पहिले दोन-चार वेळा क्लच सोडताना थरथरली तर मात्र घाबरू नका, तो ओलाव्याचा परिणाम, आपोआप जातो.

आणि दाखवायची असेल तर माझ्यासारखी दुपारी दोनला नेऊ नका. संध्याकाळी नेऊन रात्रभर वर्कशॉपमध्येच ठेवा. सकाळी तुम्ही पोहोचेपर्यंत कुणी चावी फिरवायची नाही असं सांगा, आणि पहिली चक्कर मेकॅनिकच्या शेजारी बसून मारा. यादी त्यानंतर लिहू द्या.